थोर गवई अब्दुल करीम खाँ

अब्दुल करीम खाँ हे फार मोठे गवई होऊन गेले. त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी आताच्या उत्तर प्रदेशातील कैराना गावी झाला. घरात सगळे गाणारेच. वडील काले खाँ यांनी त्यांना लहानपणीच गाणे शिकवले. पुढे ते बडोद्याच्या दरबारात गायले. नंतर ते मिरजेला आले आणि मिरजेचेच झाले.

त्यांचा कान फार तयार होता. आपण सात स्वर म्हणतो. पण एका सप्तकात २२ बारीक श्रुती मानतात. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी त्या तारेवर मोजल्या. तेव्हा खाँसाहेबांनी त्यांना मदत केली.

एवढा बारीक फरक कानाला कसा कळतो? गुरुजींनी फळ्यावर चित्र काढून सांगितले. कानाच्या आत अगदी खोल गोगलगायीच्या शंखासारखी नळी असते. ती उलगडली तर साडेतीन सेंटिमीटर भरेल. तिच्यात पाणी आणि हजारो बारीक केसांच्या पेशी असतात. उंच स्वराने नळीच्या तोंडाजवळच्या पेशी हलतात. खालच्या स्वराने टोकाकडच्या हलतात. कुठल्या हलल्या त्यावरून मेंदूला स्वर कळतो. असा शंख आपल्या सगळ्यांना आहे. खाँसाहेबांनी रियाज करून करून कान तयार केला.

या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. माझे आजोबा मुंबईला गिरणीत साचेखात्यात होते. तिथे दिवसभर खडखडाट. आता त्यांना रातकिडे ऐकूच येत नाहीत. गाय हंबरली की मात्र लगेच कळते. मला वाटायचे आजोबा मुद्दाम करतात. आता कळले, त्यांच्या उंच स्वराच्या पेशी गेल्या. आता मी त्यांच्याशी जवळ बसून सावकाश बोलतो.

खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य. भीमसेन जोशी सवाई गंधर्वांचे शिष्य. खाँसाहेबांनी टिपू नावाच्या कुत्र्यालाही सुरात ओरडायला शिकवले होते, असे सांगतात.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना त्यांना बरे वाटेना. ते सिंगपेरुमाळ कोइल स्टेशनावर उतरले. तिथे त्यांनी नमाज पढला, तंबोरा लावून देवाचे गाणे म्हटले आणि प्राण सोडला. मिरजेच्या दर्ग्याजवळ त्यांची कबर आहे. तिथे दरवर्षी गवई येऊन गातात.

मित्रांनो, कानात काडी घालू नका. मिरवणुकीत डीजेच्या अगदी जवळ उभे राहू नका. खाँसाहेबांना माझा नमस्कार.

— इयत्ता ४ थी, लोटे