हर्था आयर्टन आणि काकांची जळालेली पेटी

मागच्या दिवाळीत संगमनेरला काकांकडे गेले होते. गच्चीवर सोलर बसवून वर्षही झालं नव्हतं आणि जिन्यातली पेटी आतून काळीठिक्कर! इंजिनीअरिंगला असलेली घरात मी एकटीच, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघायला लागले. पेटी उघडली तर पॅनेलच्या बाजूला, म्हणजे डीसी लाइनवर, मीटरजवळ असतो तसला साधा एसीचा एमसीबी. बसवणाऱ्याने थोडे पैसे वाचवले असणार. काकूने पॅनेल धुवायला म्हणून भर दुपारी तो खाली केला, आत जाळ झाला आणि तो विझेचना. काकू वेळीच मागे सरकली म्हणून बरं.

तो का विझला नाही हे शोधताना मला भेटल्या हर्था आयर्टन. शाळेत आम्ही मेरी क्युरीवर कितीदा निबंध लिहिले असतील, पण तिच्या या मैत्रिणीचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

हर्था जन्मली २८ एप्रिल १८५४ ला, इंग्लंडमध्ये पोर्टस्मथजवळ. वडील पोलंडहून आलेले ज्यू घड्याळजी. ते १८६१ मध्ये वारले तेव्हा घरात सात मुलं आणि आठवं व्हायचं होतं. आईने शिवणकाम करून घर चालवलं. नवव्या वर्षी हर्थाला लंडनला, मावशी चालवत असलेल्या शाळेत पाठवलं. पुढे बार्बरा बोडिशॉन या बाईंच्या मदतीने ती केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकली. तिथे तिने मुलींचं फायर ब्रिगेडसुद्धा काढलं (आमच्या हॉस्टेलवर साधी बादली जागेवर नसते!). परीक्षा दिली, पण केंब्रिज तेव्हा मुलींना डिग्री देत नव्हतं. मग १८८१ मध्ये लंडन युनिव्हर्सिटीची बीएस्सी घेतली.

१८८४ मध्ये तिने रेषेचे समान भाग पाडणाऱ्या उपकरणाचं पेटंट घेतलं आणि त्याच वर्षी फिन्सबरी टेक्निकल कॉलेजात विजेच्या संध्याकाळच्या वर्गांना जायला लागली. शिकवायला प्रोफेसर विल्यम आयर्टन होते. १८८५ मध्ये त्यांच्याशी लग्न.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या काळी रस्त्यावर कार्बनचे आर्क दिवे असायचे. दोन कांड्यांच्या मध्ये पेटता जाळ. ते फुरफुरायचे, लुकलुकायचे, आणि का ते नीट कुणाला कळत नव्हतं. प्रोफेसर साहेबांनी प्रयोग सुरू केले होते, पण १८९३ मध्ये ते शिकागोला गेले. त्यांचा लेख तिथे नोकराने शेकोटी पेटवायला वापरला असं सांगतात. हर्थाने सगळे प्रयोग पहिल्यापासून स्वतः केले. तिला कळलं की करंट फार वाढला की कांडीचा तापलेला खळगा टोकाबाहेर पसरतो, त्याला हवेतला ऑक्सिजन लागतो आणि दिवा फुरफुरतो. १८९९ मध्ये तिने हा पेपर इलेक्ट्रिकल इंजिनीअरांच्या संस्थेत स्वतः वाचला. असं करणारी ती पहिली बाई, आणि त्याच वर्षी संस्थेची पहिली महिला सभासद.

तिचं समीकरण असं: जाळाचं व्होल्टेज = ३८.८८ + २.०७४ × लांबी + (११.६६ + १०.५४ × लांबी) ÷ करंट. लांबी मिलिमीटरमध्ये, करंट अँपिअरमध्ये. २ मिमी आणि १० अँपिअर घातले तर ४६ व्होल्ट येतात. आकडे कार्बनचे आहेत. तांब्या-लोखंडाला बदलतील, पण एक गोष्ट बदलत नाही. पहिला आकडा लांबीवर अवलंबूनच नाही! म्हणजे एका जाळाचे दहा तुकडे केले की तो आकडा दहा वेळा मोजायचा. ब्रेकरच्या आत ओळीने लावलेल्या लोखंडी पट्ट्या नेमकं हेच करतात. जाळाचं एकूण व्होल्टेज लाइनपेक्षा जास्त झालं की जाळ मरतो.

एसीत हे फारसं लागत नाही, कारण ५० हर्ट्झचा करंट सेकंदाला शंभर वेळा आपणहून शून्यावर येतो. डीसीत शून्य नाही. काकांच्या दहा पॅनेलचे ४०० व्होल्ट जाळाला धरून राहिले. शिवाय पॅनेलचा शॉर्ट सर्किट करंट चालू करंटपेक्षा जेमतेम जास्त, त्यामुळे ब्रेकर आपोआप ट्रिप होईल ही आशा सोडा. म्हणून ब्रेकर डीसीचाच घ्यायचा. व्होल्टेज सर्वांत थंड सकाळचं धरायचं, कारण थंडीत पॅनेलचं व्होल्टेज वाढतं. करंट शॉर्ट सर्किटच्या किमान सव्वापट. आणि अधिक-उणे खूण असेल तर ती पाळायची. आतलं चुंबक जाळाला पट्ट्यांकडे ढकलतं, वायर उलटी लावली तर उलटीकडे.

हर्थाचं 'द इलेक्ट्रिक आर्क' हे पुस्तक १९०२ मध्ये आलं. त्याच वर्षी रॉयल सोसायटीच्या फेलोशिपसाठी तिचं नाव सुचवलं गेलं. वकिलांनी सांगितलं, लग्न झालेल्या बाईला कायद्याने वेगळं अस्तित्व नाही, सबब फेलो होता येणार नाही. (हे वाचून मी मेसमध्ये ताट बाजूला ठेवलं.) १९०६ मध्ये मात्र त्याच सोसायटीने तिला ह्यूज पदक दिलं. पुढे ती मतदानाच्या हक्कासाठी मोर्च्यांत उतरली, १९१२ मध्ये आजारी मेरी क्युरीला तिने इंग्लंडमध्ये आपल्याजवळ ठेवून घेतलं, आणि पहिल्या महायुद्धात खंदकातला विषारी वायू हाकलायला हातपंखा बनवला. सैन्याने तसले लाखभर वाटले.

२६ ऑगस्ट १९२३ रोजी ती गेली. रॉयल सोसायटीत पहिल्या दोन बायका फेलो झाल्या १९४५ मध्ये, आणि केंब्रिजने मुलींना डिग्री दिली १९४८ मध्ये.