कुऱ्हाडवाल्या कॅरीबाई

कॅरी नेशन यांचा जन्म १८४६ साली अमेरिकेतील केंटकी राज्यात झाला. १८६७ मध्ये एका डॉक्टरांशी त्यांचा विवाह झाला. डॉक्टरांना दारूचे भयंकर व्यसन होते. काही महिन्यांतच कॅरीबाईंना माहेरी परतावे लागले. तेथे त्यांना मुलगी झाली. १८६९ मध्ये डॉक्टर वारले. पदरात लहान मूल आणि सोबत सासू! कॅरीबाईंनी शाळेत शिकवून घर चालवले.

पुढे त्यांनी डेव्हिड नेशन यांच्याशी दुसरा विवाह केला आणि काही वर्षांनी दोघे कॅन्सस राज्यात मेडिसिन लॉज या गावी राहू लागले. त्या राज्यात १८८१ पासून दारूबंदी होती. पण ती कागदावरच! दारूचे गुत्ते उघड चालत आणि अधिकारी काणाडोळा करत. कॅरीबाईंनी गावातील स्त्रियांना एकत्र केले. त्या गुत्त्यांपुढे प्रार्थना करत, गाणी गात. गावातले गुत्ते बंद पडले. इतर गावांसाठी त्यांनी वरिष्ठांना पत्रे पाठवली. त्यांना कोणी दाद दिली नाही. राज्याच्या निवडणुकीत तेव्हा स्त्रियांना मतही नव्हते. मग त्यांचे ऐकणार कोण?

जून १९०० मध्ये कॅरीबाई घोडागाडी हाकत एकट्याच कायोवा गावी गेल्या. गाडीत दगड आणि विटा होत्या. तीन गुत्त्यांतील बाटल्या व आरसे त्यांनी फोडले. अधिकारी धावत आले, पण गोंधळून गेले. जो गुत्ता चालवणे हाच गुन्हा, त्याच्या नुकसानीचा खटला भरायचा कसा? शेवटी त्यांनी बाईंना जाऊ दिले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विचिटा शहरात मात्र त्यांना तुरुंगात जावे लागले. त्यानंतर त्यांच्या हाती छोटी कुऱ्हाड आली. त्यांना सुमारे तीस वेळा अटक झाली आणि अनेकदा मारही बसला. व्याख्याने देऊन आणि कुऱ्हाडीच्या आकाराच्या लहान पिना विकून त्या दंड भरत. मोडतोडीचा हा मार्ग मला स्वतःला पटत नाही. पण गुत्तेवाल्यांनी कायदा मोडला तर चालते आणि बाईंनी बाटली फोडली तर तुरुंग, हा न्यायही पटत नाही.

मद्यपींच्या बायकांना आसरा मिळावा म्हणून त्यांनी कॅन्सस सिटीत एक घर उघडले. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले. १९२० साली साऱ्या अमेरिकेत दारूबंदी आली आणि १९३३ मध्ये ती उठली. कॅन्ससमधील बंदी मात्र १९४८ पर्यंत टिकली.