सेनापतिपद मुलांच्या नावे, कारभार उमाबाईंचा

मिरकाब (कुवेत) : मराठेशाहीत सरदारकी बापाकडून मुलाकडे जात असे. पदाची वस्त्रे, शिक्का आणि मुलूख पुरुषाच्या नावे होत. विवाहाने घरात आलेल्या स्त्रीच्या वाट्याला त्या पदाची प्रतिष्ठा तेवढी येई. तरीही १७३१ नंतर जवळजवळ वीस वर्षे सेनापतिपदाचा भार एका विधवेने वाहिला. त्या तळेगावच्या उमाबाई दाभाडे.

उमाबाई नाशिककडील अभोण्याच्या ठोके देशमुखांच्या कन्या. त्यांचा विवाह खंडेराव दाभाडे यांच्याशी झाला. छत्रपती शाहू महाराजांनी १७१७ मध्ये खंडेरावांना सेनापतिपद दिले आणि गुजरातची मोहीम हे दाभाड्यांचे कार्यक्षेत्र ठरले. सप्टेंबर १७२९ मध्ये खंडेराव वारले. पद थोरले पुत्र त्र्यंबकराव यांच्याकडे आले.

गुजरातच्या चौथाईवरून त्र्यंबकराव आणि बाजीराव पेशवे यांच्यात वितुष्ट आले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळच्या लढाईत त्र्यंबकराव मारले गेले. दोन मराठी फौजांच्या या झुंजीने राज्याचा सेनापतीच गेला. शाहू महाराजांनी उमाबाईंचे सांत्वन केले, दुसरे पुत्र यशवंतराव यांना सेनापतिपद आणि धाकटे बाबूराव यांना सेनाखासखेल हा किताब दिला. यशवंतराव लहान होते. साहजिकच फौज, वसुली आणि राजकारण उमाबाईंच्या हाती आले.

पुढच्याच वर्षी, १७३२ मध्ये, दाभाड्यांचे पराक्रमी सरदार पिलाजी गायकवाड यांची डाकोर येथे अभयसिंहाच्या माणसांनी हत्या केली. उमाबाई स्वतः फौजेसह अहमदाबादवर चालून गेल्या आणि अभयसिंहाला चौथाई व सरदेशमुखी मान्य करावी लागली. गुजरातचे अर्धे उत्पन्न पेशव्यांमार्फत सरकारात भरण्याचा करार मात्र त्यांनी पाळला नाही. शाहू महाराज हयात असेतो त्यांना कोणी फारसा जाब विचारला नाही.

वयात आल्यावरही यशवंतराव व्यसनांमुळे कारभार पेलू शकले नाहीत. गुजरातेतील प्रत्यक्ष सत्ता पिलाजींचे पुत्र दमाजी गायकवाड यांच्याकडे सरकत गेली. १७४९ मध्ये शाहू महाराज निवर्तले आणि उमाबाईंचा आधार तुटला. नानासाहेब पेशव्यांनी गुजरातचा अर्धा वाटा मागितला. नोव्हेंबर १७५० मध्ये आळंदीला त्यांची भेट घेऊनही तोडगा निघाला नाही, तेव्हा उमाबाईंनी ताराबाईंचा पक्ष धरला. दमाजी फौजेसह साताऱ्याकडे गेले. परंतु १७५१ मध्ये पेशव्यांनी त्यांना कैद केले. पाठोपाठ दाभाडे कुटुंबही कैदेत पडले आणि त्यांचा मुलूख गेला.

दमाजींनी १७५२ मध्ये अर्धा गुजरात देऊन स्वतःची सुटका करून घेतली आणि दाभाड्यांची साथ सोडली. २८ नोव्हेंबर १७५३ रोजी पुण्यात उमाबाईंचे निधन झाले. इकडे कुवेतमध्ये सबाह घराण्याची सत्ता मूळ धरू लागली, तोच हा काळ.

बाबूरावांना मिळालेला सेनाखासखेल हा किताब पुढे गायकवाडांकडे गेला आणि बडोद्याचे महाराज संस्थाने विलीन होईपर्यंत तो आपल्या नावापुढे लावीत राहिले. ज्या घराण्याच्या चाकरीत गायकवाड वाढले, त्याची धुरा वीस वर्षे वाहणाऱ्या उमाबाईंच्या नावे मात्र असा कोणताही किताब नव्हता. सप्तशृंग गडावर त्यांनी बांधवून घेतलेल्या पायऱ्यांनी आजही भाविक देवीच्या दर्शनाला चढतात. माहेरच्या मुलखातले हे त्यांचे काम कोणत्याही वारसाहक्कावर अवलंबून राहिले नाही.