लग्नखर्च आणि जोतीरावांचा हिशेब

महात्मा जोतीराव फुले (१८२७–१८९०) यांचे नाव स्त्रीशिक्षणाशी निगडित आहे. लग्नखर्चाच्या प्रश्नाशी मात्र ते क्वचितच जोडले जाते. वास्तविक जोतीराव बांधकामाचे कंत्राटदारही होते. पैसा कोणाच्या पदरचा जातो आणि कोणाच्या पदरात पडतो, याची त्यांना पुरती जाण होती.

शेतकरी लग्नकार्यात उधळपट्टी करतो म्हणून तो कर्जबाजारी होतो, असे निदान त्या काळी सर्रास केले जाई. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीरावांनी ते अमान्य केले. शेतसारा, पट्ट्या, कचेऱ्यांतील लूट आणि जन्मापासून मृत्यूपर्यंत न सुटणारी दक्षिणा यांनी तो नागवला जातो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

मग साध्या लग्नाचा आग्रह त्यांनी का धरावा? कारण त्यांच्या दृष्टीने तो केवळ काटकसरीचा प्रश्न नव्हता, परावलंबनाचा होता. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुरोहिताविना, अत्यल्प खर्चात पहिला सत्यशोधक विवाह लागला. पुढे १८८७ मध्ये जोतीरावांनी मंगलाष्टकांसह पूजाविधीची पुस्तिकाच प्रसिद्ध केली.

या साधेपणालाही विरोध झाला. १८८४ मध्ये जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे बाळाजी कुसाजी पाटील यांनी घरचे लग्नकार्य पुरोहिताला न बोलावता उरकले, तेव्हा ग्रामजोशांनी आपल्या हक्कासाठी दावा लावला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर निकाल सत्यशोधकांच्या बाजूने लागला. जी सेवा घेतलीच नाही, तिचाही मोबदला मागितला जात होता!

१८८९ च्या फेब्रुवारीत, पक्षाघाताने जर्जर असताना, जोतीरावांनी दत्तक पुत्र यशवंताचा विवाह हडपसरच्या ग्यानोबा ससाणे यांच्या कन्येशी याच पद्धतीने लावला. जे लोकांना सांगितले, ते त्यांनी स्वतःच्या घरी करून दाखविले.

आज दक्षिणेपेक्षा मंडप, जेवणावळी आणि छुपा हुंडा यांचा भार मोठा आहे. गावातील सधन घर जो थाट मांडते, तोच पुढे रीत ठरतो आणि अल्पभूधारक तो कर्ज काढून निभावतो. म्हणूनच साधेपणाचा उपदेश गरिबाला करण्याआधी सधनाने तो स्वतःच्या मांडवात आचरावा. जोतीरावांच्या हिशेबाचे सार तेच आहे.