सेरामपूरचे विल्यम केरी

हुगळीकाठचे सेरामपूर १८४५ पर्यंत डेन्मार्कच्या ताब्यात होते. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. म्हणून विल्यम केरी १८०० साली या छोट्या गावात आले. डॅनिश अधिकाऱ्यांनी आसरा दिला आणि तिथे छापखाना उभा राहिला.

केरी मूळचे इंग्लंडमधले जोडे शिवणारे कारागीर. शालेय शिक्षण बेताचेच. तरी पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात त्यांनी बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवली. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी टाइपातला मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. दोन्ही पुस्तके सेरामपूरलाच छापली गेली.

मार्च १८१२ मध्ये छापखान्याला आग लागली. कित्येक वर्षांची हस्तलिखिते जळाली. पन्नाशीतले केरी पुन्हा लिहायला बसले. राखेत वाचलेल्या मूळ ठशांवरून नवे टाइप ओतले गेले आणि काही महिन्यांत छपाई सुरू झाली.

धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होताच. पण १८१८ मध्ये सहकाऱ्यांसह काढलेल्या कॉलेजात त्यांनी जात-धर्म पाहिला नाही. ९ जून १८३४ रोजी ते सेरामपूरलाच वारले. कॉलेज आजही चालू आहे. शिक्षकाचे खरे स्मारक, मित्रहो, असेच असते.