तितर-लाव्यांचा सातबारा लिहिणारे ह्यूमसाहेब

शेतकरी बंधूंनो, ज्वारीच्या काढणीला विळा चालवताना पायाखालून चार-सहा लावे भुर्रकन उडाले आणि छातीत धस्स झाले, असे तुमच्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत घडले असेल. पण उडाला तो लावा होता की दुर्लावा, हे छातीठोकपणे सांगाल काय? दिसायला दोघे सारखेच. मातीच्या रंगाचे, मुठीएवढे, जमिनीवरच दाणे-किडे टिपणारे. तरी दोघांचे गोत साफ वेगळे. असल्या पक्ष्यांत कोणता कोण, कुठल्या मुलखात राहतो, अंडी कशी घालतो याची नोंद करण्यात ज्या माणसाने उमेदीची वर्षे आणि गाठचा पैसा घातला, त्याचे नाव ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात हे नाव तुम्ही वाचले आहे. त्यांचे हे दुसरे काम मात्र आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही.

ह्यूम यांचा जन्म 1829 चा, इंग्लंडातला. वडील जोसेफ ह्यूम पार्लमेंटचे सभासद आणि सुधारक मताचे. मुलगा विशीत, 1849 साली, कंपनी सरकारच्या नोकरीत आला आणि आजच्या उत्तर प्रदेशातल्या इटावा जिल्ह्यात त्याने कारभार पाहिला. 1857 पर्यंत त्यांनी तिथे 181 शाळा काढल्या. मुले 5186, त्यांत मुली फक्त दोन! दारूच्या उत्पन्नावर सरकारने चालावे हे त्यांना पटत नसे, आणि ते तसे वरिष्ठांना लिहूनही कळवत. पक्षी जमवण्याचा नाद तेव्हापासूनच होता. पण तो पहिला संग्रह सत्तावनच्या धामधुमीत गेला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

1867 ते 1870 ते जकात खात्याचे आयुक्त होते. आता हे काम काय होते ते ऐका. मिठावरचा कर चुकवून कुणी मीठ आणू नये म्हणून सरकारने देशाच्या मधोमध शेकडो कोस लांबीची जकातीची हद्द आखली होती, आणि तिच्यावर काटेरी कुंपण उभे केले होते. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, शेर, जिथे जी माती तिथे ते झाड. पाणी साचेल तिथे बांध घालून वर लावण. बांधावर कुंपण धरायला काय कष्ट पडतात ते तुम्हाला सांगायला नको. ह्यूमसाहेबांनी हे कुंपण दाट केले खरे, पण ही हद्दच उठवता यावी म्हणून मीठ पिकवणाऱ्या राजस्थानातल्या संस्थानांशी बोलणीही त्यांनीच चालवली. 1879 मध्ये ती हद्द उठली. या नोकरीत मैलोगणती फिरणे झाले, आणि फिरणे म्हणजे पक्षी.

पुढे 1871 साली महसूल, शेती व व्यापार असे नवे खाते निघाले, त्याचे ते सचिव झाले. शेण जळणात जाते म्हणून रान उपाशी राहते, तेव्हा गावोगाव सरपणाची झाडे लावा म्हणजे शेण शेतात जाईल, हे त्यांनी 1879 साली लिहून ठेवले. कुळांचा कर्जबाजारीपणा आणि सावकाराला साथ देणाऱ्या कोर्टकचेऱ्या यांच्यावरही त्यांनी स्पष्ट लिहिले. पण लॉर्ड लिटन यांच्या कारभारात अशी टीका कुणाला रुचणार? त्याच साली त्यांना सचिवपदावरून काढून अलाहाबादच्या महसूल मंडळावर धाडले. खातेही मोडीत निघाले.

आणि त्याच 1879 साली त्यांच्या शिकारी पक्ष्यांवरील ग्रंथाचा पहिला खंड निघाला. सोबती कर्नल मार्शल. 1881 पर्यंत तीन खंड पुरे झाले. देशभरचे अधिकारी, शिकारी आणि हौशी मंडळी ह्यूम यांना पत्रे आणि कातडी पाठवत. 1872 पासून त्यांनी पक्ष्यांचे एक नियतकालिकही चालवले होते. ते स्वतः बंदूक चालवत, हे लपवून ठेवायचे कारण नाही. दुर्बिणीवर भागवण्याचा तो काळ नव्हता.

या ग्रंथाची मांडणी मात्र गोताने नव्हे, बंदुकीने झाली होती. शिकाऱ्याला ज्याची गोडी ते सगळे त्यात. माळढोक आला, पखुर्डी आली, मोर, रानकोंबडा, तितर, लावा आले, बदके आणि पाणलाव्यासुद्धा आल्या. आज शास्त्र ही मोट सोडून वेगळी बांधते. मोर, रानकोंबडा, चकोत्री, तितर, लावा, बटेर हे एका गणातले. पाय दणकट, जमीन उकरून खाणे, पंख आखूड आणि उड्डाण एकदम. पिल्ले अंड्यातून निघाली की लगेच आईमागे धावतात. तुमच्या अंगणातली कोंबडी याच घरची. त्यातही जनुकांच्या तपासणीत तितर रानकोंबड्याच्या जवळचा निघाला आणि लावा बटेराच्या. माळढोक मात्र परका. पखुर्डीला उत्तरेत भटतितर म्हणतात, पण तितराशी तिचे नाते नाही. नर पोटाच्या पिसांत पाणी भिजवून पिल्लांना नेतो, हे कोंबडीच्या घरात कुणी करत नाही. आणि दुर्लावा? पायाची बोटे मोजा. पुढे तीन, मागचे नाही. लाव्याला मागचे बोट असते. दुर्लाव्याची मादी नरापेक्षा मोठी आणि भडक, अंडी उबवतो तो नर. त्याचे सोयरे टिटवी आणि कुरव! मेलेला पक्षी सापडला तर बोटे जरूर पाहा. मारून पाहू नका. रानातल्या पक्ष्याची शिकार 1972 च्या कायद्याने गुन्हा आहे.

1881 साली ह्यूम मणिपूरला गेले. तिथल्या उंच गवतात एक लावा असतो. तो हाती लागेना, म्हणून त्यांनी एक दिवस जास्तीचा मुक्काम करून गवताचे मोठे रान कापवले तेव्हा कुठे तो मिळाला. त्याच भागातल्या एका रानकोंबड्यासारख्या लांब शेपटीच्या पक्ष्याला त्यांनी पत्नीचे नाव दिले.

यानंतर जे झाले ते वाचून आपल्यालाही चुटपुट लागते. भारतातल्या सगळ्या पक्ष्यांवर एक मोठा ग्रंथ लिहायचा म्हणून त्यांनी पंचवीस-एक वर्षांची टिपणे सिमल्याच्या घरी ठेवली होती. 1883 च्या सुमारास ते प्रवासाहून परतले, तो नोकराने बरेचसे कागद रद्दीत विकलेले. ग्रंथ राहिला तो राहिलाच. वीसेक हजार नमुने तर आधीच किडीने खाल्ले होते. ह्यूम यांनी उरलेला संग्रह, सुमारे 82,000 नमुने, ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. 1885 मध्ये 47 पेट्या, एकेक अर्ध्या टनाची, सिमल्याहून कालक्याला आणि तिथून मुंबई बंदराला गेल्या.

त्याच वर्षी 28 डिसेंबरला मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, 72 प्रतिनिधींचे. ठरले होते पुण्याला, पण तिथे पटकीची साथ आल्याने जागा बदलली. ह्यूम सरचिटणीस झाले. तोवर त्यांनी पक्षी मारणे आणि मांसाहार दोन्ही सोडले होते. 1894 साली इंग्लंडला परतल्यावर ते रानफुले आणि तण वाळवून जमवू लागले; 1910 मध्ये लंडनला वनस्पतींची एक संस्था काढली आणि 31 जुलै 1912 रोजी वारले.

मणिपूरचा तो लावा बरीच वर्षे कुणाला दिसला नव्हता. 2006 साली आसामात तो पुन्हा दिसला. मसुरी-नैनितालच्या डोंगरातला दुसरा एक लावा ह्यूम यांच्या ग्रंथात आहे. त्याची खात्रीची शेवटची नोंद 1876 ची. त्याची डझनभर कातडी तेवढी संग्रहालयांत आहेत.