फर्डिनांड पोर्श : विजेची चाके आणि रणगाडा

पोर्श हे नाव मोटारींमुळे जगभर परिचित आहे. परंतु फर्डिनांड पोर्श यांचा पहिला ओढा विजेकडे होता, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

त्यांचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ रोजी बोहेमियातील माफर्सडॉर्फ या गावी झाला. वडील पत्र्याचे काम करणारे कारागीर. मुलाने आपलाच धंदा चालवावा अशी त्यांची इच्छा. दिवसा वडिलांच्या हाताखाली काम करायचे आणि रात्री तांत्रिक शाळेच्या वर्गाला जायचे, असे त्यांचे शिक्षण झाले. पुढे ते व्हिएन्नाला विजेच्या कारखान्यात लागले.

१९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांची गाडी झळकली. तिच्या पुढच्या चाकांच्या तुंब्यांतच विजेच्या मोटारी होत्या. पण बॅटऱ्या फार जड. म्हणून त्यांनी पेट्रोल इंजिनाने जनित्र फिरवून त्या विजेवर चाके चालविली. गिअर बदलण्याचा खटाटोपच उरला नाही.

हीच कल्पना त्यांनी दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यात आणली. रणगाडा वळविण्यासाठी एका बाजूचा पट्टा दुसरीपेक्षा जलद फिरवावा लागतो. प्रत्येक पट्ट्याला स्वतंत्र विद्युत मोटार दिली की हे काम सुलभ होते. परंतु इंजिने बिघडत, वजन वाढे आणि तांबे तर दुर्मिळ झालेले. १९४२ मध्ये हेन्शेल कंपनीच्या साध्या रचनेची निवड झाली. पोर्श यांच्या तयार सांगाड्यांपैकी सुमारे ९० सांगाड्यांवर ‘फर्डिनांड’ ही ६५ टनी तोफगाडी बनली व जुलै १९४३ मध्ये कुर्स्कच्या लढाईत उतरली. त्यानंतरच्या १८८ टनी ‘माउस’ रणगाड्याचे दोनच नमुने झाले.

ही बुद्धिमत्ता हिटलरच्या सेवेत गेली, हे विसरता येत नाही. ज्या फोक्सवॅगन कारखान्याचे ते एक प्रमुख होते, तेथे युद्धकाळात हजारो लोकांना वेठीला धरून राबविले गेले. युद्धानंतर फ्रान्सने त्यांना सुमारे वीस महिने कैदेत ठेवले. ३० जानेवारी १९५१ रोजी स्टुटगार्टला त्यांचे निधन झाले.

इंजिन, जनित्र आणि विद्युत मोटार या जोडणीवर आज रेल्वेची डिझेल इंजिने धावतात, खाणींतले अवजड डंपर चालतात. विद्यार्थ्यांनी पोर्श यांची चिकाटी जरूर घ्यावी. मात्र आपली विद्या कोणाच्या कामी येणार, हा प्रश्नही विद्येबरोबरच शिकावा.